श्रावणातला विळा

भिसेगावच्या अनसूयाबाईंकडे गोदेनं त्यांची ओहोळाकाठची खाचरं कसायला मागितली, तेव्हा तिच्या डोक्यावर लोणच्याच्या हिरव्या करवंदांची पाटी होती आणि ती अजून खाली उतरवायची होती. बाईंनी भाव विचारला, तर ही म्हणाली, "भावाचं मागून बघू बाई. आमच्या वाडीखालची तुमची खाचरं यंदा आमाला द्या."

गोदा ठाकरीण, डोंगराखालच्या चाफेवाडीची. वर्षानुवर्षं ती कर्जतच्या बाजारात रानभाजी, करवंदं, पळसाच्या पत्रावळी घेऊन यायची आणि बाजार उरकला की भिसेगावात बाईंच्या ओटीवर पाणी प्यायला टेकायची. कधी काही मागितल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

"तुम्ही लोक नाचणी-वरी करणारे," बाई म्हणाल्या. "खाचरातलं भात कधी केलंयस का गं?"

"लोकांच्या बांधावर लावणी करून हात झिजले बाई. आपलं म्हणून नाय केलं. ते करायचंय."

तो काळ एकोणीसशे तेवीस-चोवीसचा. अनसूयाबाईंचे यजमान गोपाळकृष्णपंत कर्जतच्या शाळेत हेडमास्तर होते; त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. भावाभावांच्या वाटणीत त्यांच्याकडे आलेली चार खाचरं चाफेवाडीच्या उतारावर, एकाखाली एक अशी ओहोळापर्यंत उतरत गेलेली. जुनं कूळ मुंबईच्या गिरणीत कामाला गेलं आणि खाचरं पडीक राहिली. त्यांत गुरं बसत, शेणामुताचा थरावर थर साचे. खालापूरला राहणारे बाईंचे दीर हरीभाऊ गवताचे व्यापारी होते. डोंगरपट्टीतलं गवत कापून, त्याचे गठ्ठे आवळून ते आगगाडीनं मुंबईच्या तबेल्यांना पाठवत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "वहिनी, बांध फोडू, सगळी जागा गवताला देऊ. कुणाच्या पाया पडायला नको."

पण बांध फुटला की खाचर संपलं, एवढं अनसूयाबाईंना कळत होतं. पंतांच्या वडिलांनी ते बांध स्वतः दगड वाहून घातले होते. त्या करवंदाच्या पाटीकडे बघत त्या म्हणाल्या, "एक पीक. यंदाचं. भाऊजींना मी सांगते. पण पीक आलं पाहिजे, गोदे. नाही आलं तर पुढल्या साली मला त्यांना नाही म्हणता येणार नाही."

गोदेनं पाटी उतरवली ती तिथंच, आणि रिकाम्या हातानं जवळजवळ पळतच वाडीला आली.

वाडीत कुणाचा विश्वास बसेना. तिचा नवरा कमळ्या उखळाजवळ बसून विळ्याला मूठ बसवत होता. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. "उतारावरची नाचणी सोडून तू चिखलात उतरणार?" तो म्हणाला.

"उतारावर काय राह्यलंय? माती दरसाल खाली वाहून जाते. ती जाऊन बसते कुठं? त्याच खाचरांत. आपलीच माती हाय ती, कमळ्या."

हे मात्र कमळ्याला पटलं. वाडीतली बुधी आणि ठमी या दोघी गोदेच्या जिवाभावाच्या. त्या तर लगेच तयार झाल्या. खालच्या गावच्या सखा पाटलानं बियाणं दिलं. सखा जुना भातकरी. त्याची खाचरं ओहोळाच्या पलीकडच्या तीराला, बाईंच्या खाचरांच्या समोरच. गडी तोंडाचा फटकळ, पण हाताचा मोकळा. "गरवं भात हाय," बियाणं मोजता मोजता तो म्हणाला. "सगळ्यात शेवटी पिकतं. पण पिकलं म्हंजे घर भरतं."

गोदेला तेवढंच ऐकू आलं: शेवटी पिकतं. तिनं आपल्या मनाशी हिशेब मांडला. शेवटी पिकणारं असेल तर सगळ्यांच्या आधी पेरू, म्हणजे सगळ्यांच्या बरोबर हाती येईल. शिवाय भाताची लावणी लवकर उरकली तर वाडीतल्या बाया पुढं नाचणीला मोकळ्या. डोंगरावर हा हिशेब कधी चुकला नव्हता. नाचणी लवकर टाकली की लवकर कापता येते. मग तिनं वैशाख लागताच पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून राब भाजला, त्या काळ्या गरम मातीत बी फेकलं, आणि पाऊस अजून दूर असताना वाडीखालच्या झऱ्याचं पाणी हंड्याहंड्यानं आणून रोप जगवलं. बुधी आणि ठमी हंडे वाहताना हसत. "भात हाय का लेकरू?" बुधी विचारी. "दोन्ही," गोदा म्हणे.

पावसानं खाचरं भरली तेव्हा खालच्या गावच्या राबांत रोप अजून बोटभर वर आलं होतं, आणि गोदेचं गुडघ्याला लागत होतं. सगळ्यांच्या आधी तिची लावणी झाली. आणि मग ते भात जे सुटलं, ते बघायला माणसं वाट वाकडी करून येऊ लागली. पडीक जमिनीतलं शेण, डोंगरावरून उतरलेली माती, अंगावर येणारा पाऊस. आषाढ सरायच्या आत चारही खाचरं काळ्याभोर हिरव्या पाल्यानं अशी भरली की बुंध्याशी वाकून बघितलं तरी पाणी दिसेना. वारा आला की पातं पात्यावर घासून सळसळ व्हायची. हरीभाऊ गवताच्या कामासाठी त्या बाजूला आले होते, त्यांनीही छत्री मागं टाकून बांधावरून नजर टाकली आणि कबूल केलं, "मानलं बुवा. वहिनींचं नशीब थोर."

गोदेची छाती फुगली. त्या दिवशी ती घरी गेली ती गाणं म्हणत.

फक्त सखा काही बोलला नव्हता. एके सकाळी तो ओहोळ ओलांडून इरलं सावरत गोदेच्या बांधावर आला. वाकला, भाताचं एक ताट मुळाशी चिमटीत धरलं, हलवून बघितलं.

"पेरलंस कदी?" त्यानं विचारलं.

गोदेनं सांगितलं. सखाचा चेहरा उतरला.

"मला इचारलं का नाय गं? आगं, हे गरवं हाय. हळवं भात लवकर पेरलं तर लवकर पिकतं, तुमच्या नाचणीसारखं. गरव्याचं तसं नाय. दिवस आखूड व्हायला लागल्याबिगर ते पोटरीला येतच नाय. तू वैशाखात पेर का जेष्ठात पेर, ते आपल्या टायमालाच लोंबी काढणार. तवर काय करणार? पाला. नुसता पाला. पाल्यावर पाला."

"पाला चांगलाच की, दादा."

"चांगला, हाय तेवढा. पण ह्यो बघ." त्यानं ताटं फाकवली. आतल्या खालच्या पात्यांना ऊन शिवत नव्हतं. ती पिवळी पडून चिखलाला चिकटली होती. ताट उंच, पण बुंधा बोरूच्या काडीसारखा बारीक. "वरच्या पाल्यानं खालच्याचा जीव घेतलाय. असंच वाढत गेलं तर लोंबी भरायच्या येळेला कंबर मोडून लोळणार. मग पेंढा मिळंल. दाना नाय."

सखा गेला. गोदा बांधावर तशीच बसून राहिली. ज्या हिरवळीकडे बघून लोक तिची पाठ थोपटत होते तीच तिला आता खाऊ की गिळू करत होती. लवकर पेरण्याची हौस तिची होती. त्याचं फळ समोर डुलत होतं, आणि वाऱ्याबरोबर आत्ताच एका अंगाला कलायला लागलं होतं.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. कमळ्यानं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पोशाची नाचणी आठवते? गुरं शिरली होती ती?"

पोशा कमळ्याचा थोरला भाऊ. काही वर्षांपूर्वी त्याच्या उतारावरच्या कोवळ्या नाचणीत रात्रीत गुरं शिरली आणि शेंडा न् शेंडा खाऊन गेली. पोशानं कपाळाला हात लावला होता. पण बुंधे राहिले होते. त्यांतून पुन्हा फुटवे आले, आखूड आणि जाड, आणि कणसं आली ती वाडीत सगळ्यांत वजनदार. सगळे म्हणाले, देवानं दिलं. गोदा मात्र त्या वेळी नाचणीजवळ वाकून वाकून बघत होती.

"नाचणी येगळी," ती म्हणाली. "भात येगळं. आत्ताच तर त्या येगळेपणानं फसले मी."

"मंग थोडं कापून बघ. कोपरा. मेला तर कोपरा मरंल."

तसं तिनं केलं. सगळ्यांत वरच्या खाचराच्या कोपऱ्यात, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशा जागी, तिनं विळ्यानं वरचा निम्मा पाला छाटला, आणि रोज सकाळी उठून आधी तिथं गेली. पहिल्यांदा छाटलेली टोकं तांबूस पडली, सुकली. तिचा धीर सुटत चालला. मग एका सकाळी मधल्या पोंग्यातून, पात्यांच्या सुरळीतून, नवं पातं वर आलेलं दिसलं, कोवळं पोपटी, ताठ. दुसऱ्या दिवशी शेजारच्यातूनही. बुंध्याशी ऊन पोचलं होतं आणि तिथून फुटवा निघू बघत होता.

तिनं एक ताट उपटून विळ्याच्या टोकानं उभं चिरलं. आत बघितलं, बोटानं चाचपलं. नुसता पात्यांचा गुंडाळा होता. कांडं धरलं नव्हतं, लोंबीचा कोंभ कुठं नव्हता. म्हणजे जे कापायचं ते अजून फक्त पाला होतं. एकदा का आत लोंबी धरली की विळा तिच्यावरच पडणार. वेळ होती, पण फार नव्हती.

"बुधे, ठमे," तिनं हाक घातली, "विळं घ्या. सगळं छाटायचं."

ठमीनं कानावर हात ठेवले. "येडी झालीस? श्रावणात उभ्या भाताला विळा लावायचा? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. हात वर धर, गुडघ्याच्या वर. मधला पोंगा राखून काप."

श्रावणातल्या उन्हापावसात तिघी बाया आणि कमळ्या कापत सुटले. एका हातात पाल्याची मूठ, दुसऱ्या हातानं ओढ. वाडीतली माणसं येऊन भारे घेऊन गेली. त्या आठवड्यात वाडीच्या गुरांनी असा ओला चारा खाल्ला की शेळ्यासुद्धा सुस्तावल्या. पहिलं खाचर झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं कुणाचं तरी काहीतरी भयंकर झालंय. हिरव्यागार गालिच्याच्या जागी नुसती खुरटलेली खोडं.

तिसरं खाचर उरकून ते चौथ्याकडे वळत असताना बांधावर छत्री दिसली. हरीभाऊ आले होते, आणि त्यांच्याबरोबर गवताचे दोन गडी.

त्यांनी कापलेल्या खाचरांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "अगं, हे काय? गवत कापायचंच होतं तर ते काम माझं होतं! भात कशाला बुडवलंस?"

"बुडवलं नाय भाऊ. जगवलं." गोदा चिखलातून वर येत म्हणाली. "पाला लय झाला होता. लोळलं असतं."

"मी ह्याच डोळ्यांनी पाहिलंय ते पीक! असं पीक ह्या पट्ट्यात नव्हतं!" हरीभाऊ लाल झाले होते. त्यात कपट नव्हतं. त्यांना खरोखरच हळहळ वाटत होती. "आता विळा खाली ठेवा. शेवटच्या खाचराला हात लावायचा नाही. निदान वहिनींच्या घरी तेवढं तरी जाईल. मी आत्ता भिसेगावला जातो आणि त्यांना सांगतो."

गोदेनं विळा खाली ठेवला. जमीन तिची नव्हती.

ते गेल्यावर कमळ्या म्हणाला, "आपलं उठलं इथनं."

"उठवतील तर उठू. पर भात उठलेलं बघून उठू," गोदा म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता.

त्याच दुपारपासून पाऊस लागला तो थांबेना. ओहोळाला पूर आला, भिसेगावची वाट बंद झाली. तीन खाचरांत खुरटलेली खोडं पाण्यात उभी होती, आणि चौथ्यात, ओहोळाच्या अगदी काठच्या सगळ्यांत मोठ्या खाचरात, तो पाला वाढतच होता. गोदा रोज ताट चिरून बघे. एके दिवशी तिला बुंध्याच्या आत, कांड्यावर, कापसाच्या धाग्याच्या टोकाएवढा पांढरा कोंभ दिसला. तिनं चिरलेलं ताट पाण्यात सोडलं आणि घरी आली.

पूर ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी अनसूयाबाई आल्या. एकट्या, पायी. लाल आलवण गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात कुणाची तरी काठी, डोक्यावर वाटेत सखानं दिलेलं इरलं. विधवा बाई अशी शेतावर आलेली त्या पट्ट्यात कुणी पाहिली नव्हती. सखाही मागोमाग आला होता. त्याला राहवलं नव्हतं.

"भाऊजींनी सांगितलं ते ऐकलं," त्या दम खात म्हणाल्या. "आता तू सांग."

गोदेनं सांगितलं. लवकर पेरलं ते, सखानं कान उघडले ते, पोशाची नाचणी, कोपऱ्यातलं छाटून बघितलेलं, सगळं. आपली चूक तिनं झाकली नाही. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या चपला बांधावर काढून सरळ चिखलात उतरल्या आणि पहिल्या खाचरातल्या भाताजवळ वाकल्या. छाटून आठवडा उलटला होता. प्रत्येक खोडातून नवी पाती वर आली होती, आखूड, रुंद, आभाळाकडे टोक करून उभी. बाईंनी त्यांच्यावरून तळहात फिरवला.

"सखा, तुझं काय मत?"

सखानं डोकं खाजवलं. "मी जन्मात असं केलं नसतं, बाई. पर बुंधा बघा. जाड झालाय. दर खोडाला फुटवं बघा. माझ्या भातापरीस जास्ती हायत. लवकर पेरल्यानं मूळ खोल गेलंय, आन् आता वरचं ओझं उतरलंय. लागलं तर चांगलंच लागंल."

अनसूयाबाई सरळ उभ्या राहिल्या. "गोदे, चौथं खाचरही छाट. भाऊजींना मी बघते."

बुधीनं तर विळा उचललाही. पण गोदा जागची हलली नाही. तिला रडू आवरत नव्हतं, आणि ते कशाचं हे बाईंना कळेना.

"आता नाय, बाई," ती म्हणाली. "टाइम गेला. त्यात लोंबी धरलीय. आता छाटलं तर पोटातलं लेकरू छाटल्यासारखं. जे येईल ते येऊ दे त्याच्यात."

बाईंनी काठी चिखलात रोवली. "मी हुकूम दिला तरी?"

"तरी नाय."

अनसूयाबाई हसल्या. पंत गेल्यापासून त्यांना असं हसू आलं नव्हतं. "मग झालं तर," त्या म्हणाल्या. "ज्याला नाही म्हणता येतं त्याच्या हाती शेत असावं."

भाद्रपदात भात पोटरीला आलं. सखा म्हणाला होता तसंच: लवकर पेरलेलं आणि वेळेवर पेरलेलं, गोदेचं आणि सखाचं, एकाच सुमाराला पोटऱ्या फुगल्या, एकाच सुमाराला लोंब्या बाहेर पडल्या. पण चौथ्या खाचरातल्या लोंब्या पाल्याच्या रानात हरवल्या होत्या, आणि वरच्या तीन खाचरांत त्या पात्यांच्या वर मान काढून उभ्या होत्या. आखूड ताठ पात्यांवर सकाळचं ऊन थेट बुंध्यापर्यंत उतरत होतं. दाणा दुधात आला, मग घट्ट होऊ लागला. लोंब्या जड होऊन बाकदार झुकल्या, पण ताट झुकलं नाही.

दसरा झाला आणि कोजागिरीच्या अलीकडे वादळ आलं. दुपारीच अंधारून आलं, भीमाशंकराकडून ढग घरंगळत उतरले, आणि डोंगराच्या खिंडीतून वारा असा सुटला की वाडीतल्या छपरांचं गवत उडालं. गोदा दाराची चौकट धरून खाली बघत होती, पण पावसाच्या पडद्यापलीकडे काही दिसत नव्हतं. कमळ्यानं तिला आत ओढलं. वाडीतला प्रत्येक जण आपापल्या खांबाला धरून बसला.

संध्याकाळच्या आधी पाऊस थांबला आणि ऊन पडलं, पिवळं, धुतलेलं. गोदा धावत सुटली. मागं बुधी, ठमी, कमळ्या, पोशा, सगळी वाडी.

वरून पहिल्यांदा दिसलं ते चौथं खाचर. जणू त्यावरून कुणी मोठा वरवंटा फिरवला होता. सगळं भात एका दिशेला झोपलं होतं, लोंब्या चिखलात. गोदेचे पाय थांबले. पलीकडच्या तीरावर सखाची खाचरंही ठिकठिकाणी बसली होती. मग ठमी ओरडली, "गोदे, वर बघ, वर!"

तिसरं खाचर उभं होतं. दुसरं उभं होतं. पहिलं उभं होतं. लोंब्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि त्या उन्हात तिन्ही खाचरं वरपासून खालपर्यंत सोन्यासारखी झळकत होती. वाऱ्यानं त्यांना वाकवलं असेल, झोडपलं असेल. पण ती पुन्हा उठली होती.

गोदा बांधावर मटकन बसली. हसता हसता रडली आणि रडता रडता हसली. कमळ्या तर खाचरात शिरला आणि एकेक लोंबी तळहातावर घेऊन तोलून बघायला लागला. पलीकडच्या तीरावरून सखानं दोन्ही हात तोंडाशी धरून आरोळी ठोकली, "गोदे, जितलीस गं!"

कापणी दिवाळीनंतर झाली. खळं वाडीच्या पायथ्याला, ओहोळाच्या वरच्या अंगाला, शेणानं सारवलेलं. झोडणीच्या दिवशी अनसूयाबाई आल्या आणि हरीभाऊही आले. ते बांधावरून फिरले, चौथ्या खाचरातला काळवंडलेला पेंढा पायानं उलटून बघितला, त्यातली एक लोंबी चोळली. हातात बहुतेक फोलच राहिलं. मग ते खळ्यावर आले. बुधी सुपानं भात उफणत होती. वाऱ्याबरोबर फारच थोडी फोलं उडत होती, आणि दाणा तिच्या पायाशी सरसर पडून ढीग वाढत होता. हरीभाऊंनी ढिगातला मूठभर दाणा उचलला, एक दाताखाली धरून फोडला, आणि मूठ तशीच मिटून उभे राहिले.

"तीन खाचरांचं हे?" त्यांनी विचारलं.

"तीन खाचरांचं," गोदा म्हणाली.

"चारी खाचरांचंसुद्धा एवढं कधी यायचं नाही. बाबांच्या वेळेलाही नाही." त्यांनी मूठ ढिगावर सोडली. "चौथ्याला हात लावू नकोस असं मीच म्हटलं होतं."

"तुमी राखायला म्हनला होता, भाऊ. मोडायला नाय."

हरीभाऊ वहिनींकडे वळले. "गवताला मी दुसरी जागा बघतो."

"बघा," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढं म्हणाल्या, "ही खाचरं गोदा आणि कमळ्या कसतील. यंदा, पुढल्या साली आणि त्यांना वाटेल तितकी वर्षं. कुणाला काही म्हणायचं असेल तर माझ्या ओटीवर यावं."

सखा खळ्याच्या कडेला तंबाखू मळत बसला होता. "काय गं गोदे," तो म्हणाला, "पुढल्या साली पुन्हा वैशाखातच पेरनार का? म्हंजे मीबी तसंच करीन म्हनतो."

"नाय दादा. लवकर पेरून एवढा पाला वाढवा, मग मुठीत जीव घेऊन तो छाटा, कशाला? पुढल्या साली तुमच्या राबाबरोबर माझा राब. आन् तरीबी पाला माजला, तर छाटू. लोंबी धरायच्या आत."

"कळनार कसं, लोंबी धरली का नाय ते?"

"तुमचं ताट मी चिरून दाखवीन. तुमचं बियानं घेतलंय, तेवढं तर फेडलं पायजे."

खळ्यावर हशा पिकला. कमळ्यानं ढोल आणला होता, पण वाजवायला हात मोकळा कुणाचाच नव्हता. सगळे भारे बांधून पाट्या भरत होते. उन्हं उतरायच्या आत वाटणीचं अर्धं भात अनसूयाबाईंच्या गाडीत गेलं, आणि उरलेलं घेऊन वाडी डोंगर चढायला लागली. पोशा पुढं, मागं बाया, डोक्यावर पाट्या. गोदेच्या झोपडीत भाताची कणगी एकच होती, तीही कधी तळापासून वर भरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पहिल्या पाचसात पाट्यांतच ती तोंडोतोंड भरली. दारात पाट्यांची रांग तशीच उभी.

बुधीनं पदर खोचला, जमिनीवर बसकण मारली आणि हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"बांबू आना रं कोनी," ती ओरडली. "चांगला लांब आना. दुसरी कणगी इनायला घेते. आन् कमळ्या, आता तरी वाजव तो ढोल!"